ग्लास शोकेसमध्ये नको, ताटाशेजारी हवा



ज्वारी, हरभरा आणि कांदा यांच्याविषयी बोलणारा माणूस आज काचेच्या ग्लासाविषयी काय सांगणार, असे तुम्हांला वाटेल. पण विस्तार अधिकाऱ्याचे निम्मे आयुष्य शेताच्या बांधावर जाते आणि निम्मे लोकांच्या ओसरीवर चहा पिण्यात जाते. बांधावर जे पाहिले ते आजवर पुष्कळ लिहिले. ओसरीवर जे पाहिले ते आज लिहितो.

चार माणसे, चार भांडी

गेल्या पौषात मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर ज्वारी पाहायला गेलो होतो. मालदांडी ३५-१, म्हणजे जिचा जन्मच मोहोळचा. कणीस चांगले भरले होते. पाहणी झाली, हुरडा झाला, शेंगाचटणी झाली, मग चहा आला.

मला चहा आला काचेच्या ग्लासात. कडेला सोनेरी रेघ, अंगावर लाल-निळी फुले. वैनींनी तो शोकेसमधून काढून, पदराने पुसून आणला होता. मालकांना स्टीलच्या पेल्यात चहा. वैनींचा स्वतःचा चहा चुलीजवळ एका चेपलेल्या फुलपात्रात. चौथी होती शेतात कामाला आलेली एक म्हातारी मावशी. ती उठली, गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीतून कान तुटलेला एक कप तिने काढला, स्वतःच विसळला आणि पुढे धरला. वैनींनी वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर मावशीने कप धुतला आणि पुन्हा देवळीत पालथा घातला.

कोणी काही बोलले नाही. मावशी बोलली नाही, मालक बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. वैनी मनाने वाईट आहेत असे मुळीच नाही. बाळंतपणापासून दवाखान्यापर्यंत त्या मावशीच्या अडीअडचणीला धावून जातात. पण कप मात्र वेगळा. का, असे विचारले तर उत्तर एकच येते : पहिल्यापासून असेच आहे.

निघताना वैनींनी मला विचारले, "साहेब, ह्या ग्लासांची सोनेरी रेघ धुतली की जातीय. काय करावं?" तेव्हा मी त्यांना माझ्या घरची एक गोष्ट सांगितली. तीच तुम्हांलाही सांगतो.

माझ्याच हातून घडलेली चूक

तेव्हा मी राहुरीला कृषी महाविद्यालयात शिकत होतो. आमचे घर बार्शी तालुक्यात. मोठ्या बहिणीच्या लग्नात आहेर म्हणून सहा ग्लासांचा सेट आला होता. प्रत्येक ग्लासावर लाल फूल. आईने तो फडताळात वरच्या फळीवर ठेवला. पाहुणा आला, तोही शहरातला असला, तरच तो खाली यायचा. दिवाळीच्या सुट्टीत त्यातला एक ग्लास माझ्या हातून फुटला. आईच्या नजरेला पडू नये म्हणून मी तुकडे गोळा केले आणि गुपचूप उकिरड्यात टाकले.

उन्हाळ्यात उकिरडा उपसला, शेणखत शेतात पडले. पावसाळ्यात त्याच रानात भुईमुगाची खुरपणी चालू असताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका बाईच्या तळपायात काच घुसली. बैलगाडीतून तिला सरकारी दवाखान्यात नेले. टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आणि तीन आठवडे तिचा रोजगार बुडाला. डॉक्टरांनी काढलेला तुकडा मी पाहिला. त्यावर लाल फुलाची अर्धी पाकळी होती.

त्या बाईचाही आमच्या गोठ्यात एक वेगळा कप होता. ज्या ग्लासात तिला कधी चहा मिळाला नाही, त्याचाच तुकडा तिच्या पायात गेला. ही गोष्ट मी आईला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितली. त्या बाईला मात्र सांगायची राहूनच गेली.

म्हणून आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. काचेचा चांगला, साधा ग्लास घरात रोज वापरावा, आणि तो घरात जेवणाऱ्या-पिणाऱ्या सगळ्यांसाठी एकच असावा.

आपल्या घरात काच आली ती कंदिलातून

काच ही शहरी वस्तू, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. आपल्या आज्यांनी रोज संध्याकाळी काच हाताळली आहे. कंदिलाची काच उतरवायची, चाळलेल्या राखेने आणि मऊ फडक्याने पुसायची आणि दिवेलागणीला पुन्हा चढवायची. एवढी पातळ काच वर्षानुवर्षे टिकत असे, कारण ती हाताळायची सवय होती.

त्या काचेमागे आपल्या मराठी मुलखाची मोठी कहाणी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. दरमाणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, ही कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काम उभे केले आणि तरुणांना शिकवले. कोट्यधीशाच्या तिजोरीतून नव्हे, तर लोकांच्या एकेक पैशातून ही भट्टी पेटली.

पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने कराडजवळ काच कारखाना काढला. 'प्रभाकर' कंदील तिथलाच. कारखाना कालांतराने बंद पडला, पण ओगलेवाडी हे नाव राहिले आणि कराडचे रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे. वीज आली, कंदील माळ्यावर गेला आणि काच आपल्या रोजच्या हातातून सुटली. नंतर ती आली ती आहेरातून, आणि थेट शोकेसमध्ये जाऊन बसली.

साधा घाट हाच चांगला घाट

नुसती काच म्हणजे चांगला ग्लास नव्हे. घाट नीट हवा. रस्त्यावरच्या चहावाल्याचा ग्लास एकदा हातात घेऊन पाहा. बूड जाड, तोंड जरा रुंद, अंगावर उभ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांमुळे ओल्या हातातून तो निसटत नाही. जाड बुडामुळे कलंडत नाही. दिवसातून शंभर वेळा विसळला जातो आणि तरी टिकतो. त्यावर एकही फूल नाही, पण कोणाला तो कुरूप वाटत नाही. तसाच ग्लास पंढरपुरातही मिळतो, अक्कलकोटलाही मिळतो, त्यामुळे एक फुटला तर जोडी लावता येते.

साधी वस्तू नीट घडवायला परदेशातही जाणती माणसे लागली. फिनलंड देशातील आयनो आल्टो या बाईंनी १९३२ साली रोजच्या वापरासाठी ग्लास आणि वाट्या आखल्या. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा आडव्या कड्या त्यांनी काचेवर ठेवल्या. कड्यांमुळे पकड आली, शिवाय साच्यात दाबलेल्या स्वस्त काचेतले बुडबुडे झाकले गेले. शोभा आणि उपयोग एकाच रेघेत. नव्वदाहून अधिक वर्षे झाली, ते ग्लास अजून विकले जातात.

फ्रान्समध्ये १९४५ सालापासून ड्युरालेक्स नावाचे मजबूत केलेले ग्लास निघाले. तिथल्या शाळांतून मुले त्यातच पाणी पितात. ग्लासाच्या बुडावर साच्याचा आकडा असतो. मुले तो पाहून, "आज मी सात वर्षांचा, तू किती?" असा खेळ खेळतात. हा कारखाना अडचणीत आला तेव्हा २०२४ साली कामगारांनीच सहकारी संस्था करून तो चालवायला घेतला आणि न्यायालयाने त्याला मान्यता दिली. सहकारात वाढलेल्या आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

काचेचे गुण आणि मर्यादा

काचेला आंबट बाधत नाही. ताक, लिंबाचे सरबत, आमसुलाचे सार पितळेच्या कल्हई गेलेल्या भांड्यात कळकते. काचेत ते होत नाही. काचेला वास लागत नाही. सकाळी ताक पिऊन धुतलेल्या ग्लासात दुपारी पाणी प्या, ताकाची आठवण राहणार नाही. काच काही लपवतही नाही. उन्हाळ्यात टँकरचे पाणी घरात आले की त्यातला गाळ लगेच दिसतो. पण इथे एक सावधगिरी सांगतो. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी ग्लासात स्वच्छ दिसले म्हणून ते पिण्याजोगे आहे असे समजू नका. गाळणे, उकळणे किंवा क्लोरीन टाकणे चुकवू नका.

सगळेच काचेचे करा, असे मी म्हणणार नाही. भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्या आपल्या माणसाला स्टीलचे ताटच बरे. शेतावर न्यायला स्टीलचा डबा आणि तांब्याच हवा. रांगत्या मुलाच्या हातात काच देऊ नये. पाणी, ताक, चहा यांसाठी ग्लास आणि दही, चटणी, कोशिंबीर यांसाठी लहान वाट्या, एवढे पुरे.

विकत घेताना

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत असो की आठवड्याच्या बाजारात, पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. नक्षी, रंग, सोनेरी रेघ नको. काचेवर बाहेरून चढवलेल्या काही रंगांत शिसे आणि कॅडमियम असते. रेघ ओठांच्या जागीच असेल तर ती धुपून पोटात जाण्याची शक्यता असते. वैनींच्या प्रश्नाचे उत्तर हेच : ते ग्लास पिण्यासाठी वापरू नका.

२. कडेवरून बोट हळूच फिरवा. टोचले, खरखरले तर ठेवून द्या.

३. सपाट फरशीवर उभा करून बोटाने ढकला. डुगडुगला तर बूड सरळ नाही.

४. उजेडासमोर धरा. बारीक बुडबुडा चालतो. न वितळलेल्या वाळूचा पांढरा खडा दिसला तर तिथेच पुढे तडा जातो.

५. तोंडातून आपला हात आत गेला पाहिजे. नाही तर तळ कधीच नीट धुतला जाणार नाही.

६. एकात एक बसवून पाहा. सहज बसावा, सहज निघावा.

७. सगळे एकाच घाटाचे घ्या, आणि दुकानदाराकडे बारा महिने असणारा घाट घ्या. घरातली माणसे आणि रोजची कामाची माणसे मोजा आणि त्यापेक्षा दोन जास्त आणा.

हा सगळा खर्च एका औषध फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होत नाही.

गरम चहाने ग्लास का तडकतो?

साधी काच वाळू, सोडा आणि चुनखडी यांची बनते. तिच्यातून उष्णता हळू पसरते. गार ग्लासात उकळता चहा ओतला की आतली बाजू लगेच फुगते, बाहेरची गारच असते. दोघींच्या ओढाताणीत काच तडकते. जाड ग्लास मजबूत दिसतो, पण गरम-गारीच्या बाबतीत जाडीच त्याला नडते. म्हणून आधी थोडे कोमट पाणी फिरवून ओतून टाका, मग चहा घाला. गरम ग्लास ओल्या मोरीत किंवा गार फरशीवर ठेवू नका. माठातले पाणी गरम ग्लासात ओतू नका.

बाजारात बोरोसिलिकेट नावाची काच मिळते. ती तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक-तृतीयांशच फुगते, म्हणून चहा-दुधाला ती चांगली. दुसरी असते ती टेंपर केलेली. ग्लास तयार झाल्यावर तो पुन्हा तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात. त्यामुळे वरचा थर घट्ट आवळला जातो, धक्का सोसतो आणि फुटलाच तर लांब धारदार सुळे न होता बारीक खडे होतात. मात्र अशा ग्लासावर खोल ओरखडा पडला असेल तर तो वापरातून काढा. तो अचानक फुटू शकतो.

धुणे-पुसणे

काचेला तारेची घासणी आणि वाळू लावू नये. बारीक ओरखड्यांतूनच तडे सुरू होतात. मऊ चोथा किंवा फडके आणि थोडा साबण पुरे. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. ते वाळले की काचेवर पांढरा थर बसतो. लिंबाची पिळलेली फोड फिरवून दहा मिनिटे ठेवा आणि धुवा, थर जातो. दोन ग्लास एकात एक अडकले तर ओढाताण करू नका. आतल्यात गार पाणी घाला आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. थोड्या वेळाने आपोआप सुटतात. ग्लास मांडणीवर पालथे ठेवताना खाली जाड फडके घाला.

फुटला तर

एवढे करूनही ग्लास फुटणारच. तो अपशकुन नव्हे. मडके फुटते तसा ग्लास फुटतो. सुनेला किंवा पोराला त्यावरून बोलू नये. बोलले की पुढच्या वेळी तुकडे लपवले जातात. मी लपवले होते, त्याचा परिणाम वर सांगितला आहे.

पायात चप्पल घालून मोठे तुकडे उचला. बारीक कण ओल्या कागदाने किंवा कणकेच्या गोळ्याने टिपा आणि तो गोळा जनावराला, कोंबडीला घालू नका. सगळे जाड कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा भरला की भंगारवाल्याला सांगून द्या. काच वितळवून पुन्हा काच करता येते, आणि जुनी काच मिसळली की भट्टीला इंधनही कमी लागते. बोरोसिलिकेटचे तुकडे मात्र बाटल्यांच्या काचेत मिसळू नयेत, त्या काचेचा वितळण्याचा गुण वेगळा आहे.

उकिरड्यात, बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीत काच कधीही टाकू नका. शेण कुजते, पाचट कुजते, काच कुजत नाही. तुमच्या नातवाच्या पायातही ती तेवढ्याच धारेने घुसेल. औषधांच्या आणि दारूच्या बाटल्यांनाही हाच नियम. कीटकनाशकाची बाटली तर घरात कशासाठीही वापरू नये.

एकच मांडणी

आता देवळीतल्या कपाकडे येतो. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. हॉटेलात ठेवलेली भांडी वापरू न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. १९७२ साली बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली आणि महाराष्ट्रात गावोगाव प्रश्न विचारला की पाणी एक तर विहिरी वेगळ्या का? हॉटेलात कायदा जातो. आपल्या ओसरीवर, चुलीपुढे आणि गोठ्याच्या भिंतीपर्यंत मात्र आपण स्वतःच जायचे असते.

कोणी म्हणेल, आमच्याकडे जातीचे काही नाही, स्वच्छतेसाठी कप वेगळा ठेवतो. मग त्याला एक कृषी पदवीधर म्हणून सांगतो : काच साबणाने धुतली की धुतली. तिच्यात वास, डाग काही मुरत नाही. ग्लास नीट धुऊन कोणीही प्यावा. आणि घरच्या कारभारणीचे काय? पाहुण्याला नक्षीचा ग्लास, मालकाला पेला, आणि सगळ्यांना चहा करून देणारीला चेपके फुलपात्र, ही वाटणी तरी कुठल्या स्वच्छतेची?

फाल्गुनात ज्वारीच्या काढणीला पुन्हा त्या वस्तीवर गेलो. चहा आला. एका ताटात दहा ग्लास, सगळे एकसारखे, बिननक्षीचे, जाड बुडाचे. वैनींनी बारा आणले होते. एक मांजराने पाडला, एक नातवाने. ताट फिरले. मालकांनी एक उचलला, मी एक उचलला, वैनींनी स्वतःसाठी एक बाजूला ठेवला. मावशीने जरा थांबून वैनींकडे पाहिले आणि मग हाताला आला तो उचलला. सासूबाई अजून आपल्या फुलपात्रातच पितात. त्यांच्या वयाला तेवढी मोकळीक असू द्या.

पिऊन झाल्यावर मावशी आपला ग्लास धुवायला उठली. वैनी म्हणाल्या, "ठेवा मावशी, सगळे एकदम धुते. सारखेच हायत, कुणाचा कुठला ते मलाच वळखू येत न्हाई."

साध्या, एकसारख्या ग्लासाचा याहून मोठा गुण मला ठाऊक नाही. तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या बाजाराला जाताना घरातली आणि शेतातली माणसे मोजा, तेवढे ग्लास आणा आणि ते शोकेसमध्ये ठेवू नका. मांडणीवर ठेवा, जिथे सगळ्यांचा हात पोहोचतो.